मेल्व्हिनाच्या चव्वेचाळीस बाटल्या

आमच्या मुलाच्या, ट्रेव्हरच्या लग्नासाठी बिअर करायचं माझ्या थोरल्या जावेने ठरवलं, आणि सगळ्यात आधी काय केलं, तर माझ्या घरातलं लॉब्स्टर उकडायचं भांडं मागायला आली. मागायला कसली, उचलायलाच. मी पाव मळत होते. "ड्रुसी, तुझं मोठं भांडं नेते गं," असं म्हणत ती मागच्या पोर्चमध्ये पोचलीसुद्धा. तासाभराने तेच भांडं घेऊन परत आली.

"माझ्या चुलीवर हे बसत नाही. तुझ्याकडेच करू या."

हे 'करू या' म्हणजे कुणी करायचं, ते मला तेव्हाच कळलं.

मेल्व्हिना कीपिंग म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, चेसच्या मोठ्या भावाची, हेडलीची बायको. टिल्टन्स कोव्ह या आमच्या किनाऱ्यावरच्या खेड्यात तिला सगळे ओळखतात आणि शक्यतो तिच्या वाटेला जात नाहीत. बावीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. काचेखाली दिवा, काचेवर कॉड माशाचा तुकडा, हातात चिमटा. तुकड्यात अळी दिसली की काढायची, फार दिसल्या तर अख्खी पेटी बाजूला. एवढी वर्षं हेच केलं की माणसाची नजर तशीच होते. माझ्या घरी जेवायला आली तरी ताट आधी उजेडाकडे धरून बघते. मुद्दाम करत नाही, पण करते.

कॉडची मासेमारी बंद झाली, कारखान्याला कुलूप लागलं, आणि सरकारने आम्हा सगळ्यांना काहीबाही शिकायला बसवलं. चेसला सुतारकाम, मला हिशेबाच्या वह्या, आणि मेल्व्हिनाला एक्कावन्नाव्या वर्षी केस कापायला शिकायला गँडरला पाठवलं. केस ती आजही कापते, हेडलीचे कान बघितले तर कळतं. पण तिथल्या वाचनालयात तिला बिअरवरचं एक पुस्तक सापडलं. हिवाळाभर ती तेच वाचत बसली.

आता बिअर आमच्याकडे घरोघरी होते. दुकानातून माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या पाकाचा डबा आणायचा, त्यात साखर ओतायची, खारवलेल्या मांसाची रिकामी बादली घासून त्यात सगळं टाकायचं आणि चुलीमागे ठेवून द्यायचं. दहा दिवसांत बाटल्यांत, पंधराव्या दिवशी पोटात. कुणी तक्रार करत नाही. मेल्व्हिना मात्र परत आली ती तोंड वाकडं करूनच. "ही बिअर नाही, साखरेचं पाणी आहे. मी खरी जड बिअर करणार. वाइनसारखी चढणारी. एका ग्लासात माणूस खुर्चीत बसला पाहिजे."

"उभं कोण असतं इथे?" चेस म्हणाला.

एप्रिलमध्ये चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तिने जाहीर केलं, की ट्रेव्हरचं लग्न ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आहे आणि त्या दिवशी पिण्याचं सगळं ती बघेल. ट्रेव्हर नोकरीला अल्बर्टात, नवरी मुलगी शॉना मूळची गँडरची, दोघं लग्नापुरते घरी येणार. मी कृतज्ञ व्हायला हवं होतं. थोडीफार झालेही. पण मला माझी जाऊ माहीत होती.

तर मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता ती माझ्या दारात हजर. बरोबर हेडली, त्याच्या खांद्यावर सेंट जॉन्सहून मागवलेलं बार्लीचं पोतं. शिवाय पाकाचे तीन डबे, हॉप्सच्या कडू फुलांची पुडी, यीस्टचं एक पाकीट, कारखान्यातून निघताना खिशात घातलेलं थर्मामीटर, आणि लोकरीत गुंडाळलेली एक काचेची नळी. ही नळी धान्याच्या गोड काढ्यात तरंगते आणि साखर किती आहे ते सांगते. साखर जास्त तर नळी वर, साखर संपत जाईल तशी खाली. अख्ख्या गावात तेवढी एकच होती आणि तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

"गाळायला काय आणलंस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

माझा उशीचा अभ्रा गेला. चांगला, भरतकाम केलेला.

अडचण अशी होती की जड बिअरला धान्य दुप्पट लागतं, आणि भांडं होतं पाच गॅलनचं, म्हणजे वीसेक लिटरचं. सगळं एकदम मावेना. म्हणून तिने पोत्याचे दोन भाग केले. अर्धं धान्य अभ्र्यात भरून गरम पाण्यात दीड तास भिजवलं, पिळून काढलं, आणि त्याच गोड पाण्यात उरलेलं अर्धं पुन्हा दीड तास भिजवलं. पाणी दीडशे अंश फॅरनहाइटवर राहिलं पाहिजे, वर नाही, खाली नाही. माझी विजेची शेगडी दोनच गोष्टी जाणते, बंद आणि लालभडक. तीन तास मी बटण फिरवत उभी, आणि ती थर्मामीटर घेऊन माझ्या कानाशी.

"एकशे अठ्ठावन झालं. काढ, काढ खाली!"

"मेल, भांडं उचलायला मी क्रेन आहे का?"

"मग बर्फ टाक."

"बर्फ टाकला तर पाणी वाढेल असं तूच म्हणालीस ना मघाशी?"

"थोडा टाक, बये. थोडा."

मग उकळणं. भांडं दोन शेगड्यांवर मिळून ठेवलं तरी उकळी यायला तास लागला. पुढे चार तास ते नुसतं उकळत होतं, कारण पाणी आटवून काढा घट्ट करायचा होता. खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागलं. दुपारी तीनच्या सुमारास कपाटावरच्या भिंतीला चिकटवलेला कागद वरून सुटला आणि हळूहळू खाली वाकला. मी बघत राहिले. मागच्याच वर्षी चेसने लावला होता.

"चिकटवता येईल," मेल्व्हिना म्हणाली. वळूनसुद्धा बघितलं नाही तिने.

आता हा काढा लवकर थंड करायचा होता. लोकांकडे त्यासाठी तांब्याची वेटोळी नळी असते म्हणे. आमच्याकडे समुद्र आहे, आणि मे महिन्यात तो बर्फाइतका गार असतो. झाकण दोरीने घट्ट बांधलं, दोघा भावांनी भांडं खाली किनाऱ्यावर नेलं, गुडघाभर पाण्यात दगडांवर टेकवलं, आणि भांड्याच्या कडीला बांधलेल्या दोराचं टोक मेल्व्हिनाने हेडलीच्या हातात दिलं.

"हा दोर सोडायचा नाही. बाकी काही करू नकोस. काहीच करू नकोस."

हेडली भला माणूस आहे. त्याला काहीही सांगा, 'हो' म्हणतो. पाऊण तासाने आम्ही खिडकीतून बघितलं तर हेडली धक्क्यावर गावातल्या गारलंड व्हॅचरशी गप्पा मारत होता, भरती आली होती, आणि माझं लॉब्स्टरचं भांडं संथपणे बंदराच्या तोंडाकडे निघालं होतं.

मेल्व्हिना किंचाळली नाही. तिने फक्त डोळे मिटले. चेस लहान होडी घेऊन गेला आणि भांडं ओढून आणलं. झाकण उघडून तिने काढा चाखला, पुन्हा चाखला, मग म्हणाली, "मीठ नाही." हेडली सुटकेने हसला. "हसू नकोस," ती म्हणाली. त्यानंतर जूनपर्यंत ती हेडलीशी कुत्र्यामार्फत बोलत होती. 'टॉबी, त्याला सांग जेवण झालंय.'

काढा बादलीत ओतला, नळी तरंगवली. शंभर. तिला हवा होता तोच आकडा. आमच्या नेहमीच्या बिअरचा चाळीसच्या आसपास असतो, म्हणजे बघा. यीस्ट टाकलं, बादली तिच्या मागच्या पोर्चमध्ये गेली, आणि मला वाटलं माझी सुटका झाली.

चार दिवस बादली अशी फसफसली की झाकणाच्या भोकातून फेस वर येऊन पोर्चच्या छताला लागला. सहाव्या दिवशी सगळं चिडीचूप. नळी पन्नासवर अडकली ती अडकलीच. अर्धी साखर तशीच. मे महिन्याच्या गार रात्रींनी यीस्ट झोपलं होतं, आणि एवढ्या गोड काढ्याला एक पाकीट पुरलंही नव्हतं.

मग गाव सल्ला द्यायला आलं. अझराया काकांना पंच्याऐंशी वर्षं झालेली, ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "पावाचं यीस्ट घाल पोरी, मूठभर. आणि मनुका."

"काका, मनुका कशाला?"

"मला आवडतात."

गारलंड व्हॅचर म्हणाला, ढवळ. त्याची बायको म्हणाली, अजिबात ढवळू नकोस. पाद्रीबाबांनी विचारलं की बिअर तशीच बाटलीत भरली तर काय होईल. "बाटल्या फुटतील आणि कुणाचा तरी डोळा जाईल," मेल्व्हिना म्हणाली. पाद्रीबाबा टोपी घालून निघाले.

तिने कुणाचंच ऐकलं नाही. बोटीने नवं यीस्ट मागवलं, ते यायला बारा दिवस लागले. आल्यावर ते तसंच टाकलं नाही. एका बरणीत पातळसा काढा करून त्यात दोन दिवस पोसलं आणि फेसाने बरणी भरली तेव्हा कुठे बादलीत ओतलं. बादली स्वयंपाकघरात चुलीशेजारी आणली, तिला रजई गुंडाळली. ती रजईही माझीच, हे वेगळं सांगायला नको. ऐन उन्हाळ्यात ती दिवसरात्र चूल पेटती ठेवायची. हेडली उकाड्याला कंटाळून होड्यांच्या शेडमध्ये झोपायला गेला. मी एकदा डोकावले तर ही बाई कपाळावरचा घाम पुसत खुर्चीत बसलेली, कान बादलीला.

"ऐक," ती म्हणाली.

मी ऐकलं. टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्.

"चाललंय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला उगीचच लाजल्यासारखं झालं.

जुलैच्या मध्यावर नळी अठ्ठावीसवर आली. बाटल्या भरल्या, चव्वेचाळीस. बुचं लावली आणि सगळ्या तिच्या पलंगाखाली ठेवल्या.

लग्नाच्या आठवड्यात ट्रेव्हर आणि शॉना आले, आणि त्यांच्यामागून धुकं आलं. बुधवारी धुकं, गुरुवारी धुकं, शुक्रवारी समोरचं घर दिसेना. बोट आलीच नाही. आणि बोटीवर होती आमची बिअर, बारा पेट्या. मेल्व्हिनाने सगळं बघते म्हटलं असलं तरी मी शहाणपणा करून मागवून ठेवली होती. गावात उरल्या होत्या रमच्या सात-आठ बाटल्या आणि फळांचं सरबत. पाहुणे एकशे दहा.

शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. टेबलावर एक बाटली उघडलेली होती, ग्लासात काळपट तांबूस बिअर, वर फेसाचा पत्ता नाही.

"झाली नाही," ती म्हणाली.

"काय झाली नाही?"

"हवा धरलेली नाही. चवही कच्ची आहे, घशाला लागते. एवढ्या जड बिअरला वेळ लागतो. अजून सहा महिने तरी."

"सहा महिने? मेल, लग्न उद्या आहे!"

"मला माहीत आहे लग्न कधी आहे ते."

"अगं, लोकांना कशाला कळतंय? दोन ग्लासांनंतर कोण चव बघतं?"

"मी देणार नाही, ड्रुसी."

मग मात्र माझा तोल गेला. भांडं काढलं, अभ्रा काढला, भिंतीचा कागद काढला, रजई काढली. चार महिने माझं घर वापरलंस, गावासमोर मोठ्या तोंडाने बोललीस, आणि आता माझ्या पोराच्या लग्नात लोकांनी सरबत प्यायचं? ती हात टेबलावर पालथे ठेवून बसली होती.

ती का देत नव्हती हे मला कळत नव्हतं असं नाही, आणि त्याने मी जास्तच चिडले होते. कारखान्यात एकदा जहाज थांबलेलं असताना मुकादमाने तिला घाई केली होती, आणि तिने एक खेप नीट न बघता सही करून सोडली होती. ती अख्खी खेप बोस्टनहून परत आली. मुकादमाला काही झालं नाही. तिच्या टेबलावरच्या चौघींचं काम गेलं, त्यातली एक तिची सख्खी बहीण. बहीण पुढे ओंटारिओला गेली ती आलीच नाही. मेल्व्हिना हे कधी बोलत नाही. पण तेव्हापासून 'चालेल' हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही.

हे सगळं माहीत असूनही मी म्हणाले, "ठेव मग पलंगाखाली. कुरवाळत बस." आणि दार आपटून निघाले.

लग्न चांगलं झालं. शॉना सुंदर दिसत होती, खारं मांस आणि कोबी सगळ्यांना पुरलं, अझराया काकांनी ॲकॉर्डियन वाजवला. पण नाच सुरू होऊन तास झाला तोच रम संपली, आणि पुरुषमंडळी हातात लाल सरबत घेऊन शाळेतल्या पोरांसारखी भिंतीला टेकून उभी राहिली. चेस माझ्याकडे बघेना. तेवढ्यात हेडली कोटाखाली काहीतरी दडवून आत आला. सहा बाटल्या. भावाची लाज राखावी म्हणून बायकोच्या पलंगाखालून काढून आणल्या होत्या.

मी त्याला थांबवायला हवं होतं. मी ग्लास आणून दिले.

बिअर काकवीसारखी पडली, आवाज न करता. गारलंड व्हॅचरने मोठा घोट घेतला, गिळला आणि खोकला. "अरे, हे काय आहे? खोकल्याचं औषध?" सगळे हसले. दुसऱ्या कुणीतरी ग्लास उजेडाकडे धरला आणि अगदी मेल्व्हिनासारखा एक डोळा बारीक केला. आणखी हशा. मीही हसले. तेव्हा मला ती दिसली, दारापाशी, निळ्या पोशाखात, हातात ट्रेव्हर-शॉनासाठी विणलेलं पांघरूण. किती वेळ उभी होती देव जाणे. तिने पांघरूण भेटींच्या टेबलावर नीट घडी करून ठेवलं, शॉनाचा मुका घेतला आणि निघून गेली.

हेडली म्हणाला, "मी आपलं चांगल्यासाठी..."

"गप्प बस, हेडली," मी म्हणाले. पण ते मी स्वतःलाच म्हणायला हवं होतं.

त्यानंतर सहा महिने आम्ही बोललो नाही. तीसेक घरांच्या गावात हे सोपं नसतं. दुकानात ती लोणी घेत असेल तर मी उगीच बटाटे चिवडत बसायची. दोनदा तिच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. नाताळात तिने आमच्याकडे केक पाठवला, तो हेडलीच्या हाती, निरोप काही नाही. मी केक पाठवला, निरोप नाही.

मार्चमध्ये बंदर बर्फाने भरलं आणि आठवडाभर काहीच हललं नाही. एका दुपारी मी पाव भट्टीत सरकवून वळते तो मेल्व्हिना दारात, बुटांवरचा बर्फ झटकत. कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक बाटली.

"ग्लास काढ," ती म्हणाली.

मी ग्लास काढले. तिने बूच उघडलं आणि फस्स झालं. मोठा नव्हता आवाज, पण झाला. तपकिरी फेस वर चढला आणि थांबला. मी घोट घेतला. भाजलेल्या साखरेची चव, मग कडूपणा, मग छातीत हळूहळू पसरणारी ऊब. आयुष्यात मी अशी बिअर प्यायले नव्हते. मला रडू यायला लागलं, म्हणून मी आणखी एक घोट घेतला.

"मेल, त्या दिवशी मी..."

"गोडी अजून तीन आकड्यांनी जास्त आहे," ती म्हणाली. ग्लास उजेडाकडे धरून बघत होती. "नवं यीस्ट आधीच टाकायला हवं होतं. माझी चूक."

"मी माफी मागतेय, बाई!"

"ऐकलं मी. पी."

आम्ही दोन्ही बाटल्या संपवल्या. मला खुर्चीतून उठवेना आणि पाव करपला. तिला त्याचं फार हसू आलं. ती इतकी हसलेली मी क्वचितच बघितली आहे. मग तिने सांगितलं की ओंटारिओच्या बहिणीला ती दोन बाटल्या पाठवणार आहे, बोट सुरू झाली की. "घेतली तर घेतली," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने गावभर एकेक बाटली वाटली. लग्नात हसलेल्यांच्या घरी आधी. दार वाजवायची नाही, पोर्चमध्ये ठेवून निघून जायची. गारलंड व्हॅचर दुसऱ्याच दिवशी टोपी हातात घेऊन तिच्या दारी गेला, आणखी आहे का विचारायला. तिने दार अर्धंच उघडलं, 'नाही' म्हणाली आणि लावून घेतलं. पलंगाखाली तेव्हा नऊ होत्या. मी मोजल्या होत्या.

बहिणीचं पत्र मे महिन्यात आलं. एका बाटलीचा वाटेत चुरा झाला होता, दुसरी मिळाली. पत्रात काय होतं ते मेल्व्हिनाने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या ऑगस्टमध्ये बहीण दहा दिवस राहून गेली, आणि दहाही दिवस दोघी स्वयंपाकघरात मोठमोठ्याने भांडत होत्या, कसल्या कसल्या क्षुल्लक गोष्टींवरून. मला माझ्या घरात ऐकू यायचं.